महालातल्या बाई, मनीषनगरातल्या आंटी

एप्रिल २०२३ मध्ये बहात्तर वर्षांच्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेला त्यांचा मुलगा माझ्याकडे समुपदेशनासाठी घेऊन आला. तक्रार मुलाचीच होती. आई पाच महिन्यांपासून घराबाहेर पडत नाही, दुपारभर झोपते, रात्री जागी असते, आणि दोनदा लिफ्टमधून चुकीच्या मजल्यावर उतरून दुसऱ्याच्याच दाराला किल्ली लावत उभी होती. विसरभोळेपणाची सुरुवात असेल या भीतीने त्याने आधी मेंदुविकारतज्ज्ञांना दाखवले होते; त्यांनी सर्व चाचण्या करून स्मरणशक्ती वयाला साजेशी असल्याचे सांगितले आणि बोलून पाहा असे सुचवले. गुडघे कुरकुरत होते, पण चालणे थांबावे इतके नाही.

ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. प्रकरणाचा गाभा मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे. त्यांना मी येथे ‘बाई’ म्हणणार आहे. सोय म्हणून नव्हे, तर या संबोधनाचा या प्रकरणाशी थेट संबंध आहे म्हणून.

लग्न होऊन आल्यापासून शेहेचाळीस वर्षे बाई जुन्या नागपुरातल्या महालात, बडकस चौकापासून हाकेच्या अंतरावरील एका वाड्यात राहिल्या. वाडा चार भावांच्या सामायिक मालकीचा होता. वाटण्या झाल्या, वाडा बिल्डरला गेला आणि २०२२ च्या दिवाळीनंतर बाई मुला-सुनेबरोबर मनीषनगरातील एका फ्लॅट स्कीममध्ये चौथ्या मजल्यावर राहायला आल्या. अंतर म्हणाल तर आठ-नऊ किलोमीटरचे. शहर तेच, भाषा तीच, घरातली माणसे तीच, आणि सुनेशी संबंध, मी बारकाईने विचारून पाहिले तरी, खरोखरच चांगले. म्हणजे ज्याला सहसा दुःखाचे कारण म्हणतात तसे काहीही हाताशी नव्हते.

पहिल्या बैठकीत बाईंनी स्वतःही हेच सांगितले. “इथे सगळं चांगलंच आहे जी. लिफ्ट आहे, पाण्याला कमी नाही, सून हातातलं काम काढून घेते. तक्रार करायला जागाच नाही.” शेवटचे वाक्य मी नोंदवहीत तसेच लिहून ठेवले. मराठीत ‘जागा’ हा शब्द वाव या अर्थानेही येतो आणि ठिकाण या अर्थानेही. बाईंच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे होते, हे माझ्या लक्षात यायला दोन महिने लागले.

घरातल्या सर्वांनी, आणि सुरुवातीला मीही, असे गृहीत धरले की बाई वाड्यासाठी झुरत आहेत. हे गृहीतक निराधार नव्हते. बॉस्टनमधील वेस्ट एंड ही वस्ती १९५८ नंतर पाडली गेली, तेव्हा तेथून हलवलेल्या कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्या मार्क फ्रीड या मानसशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये असे मांडले की घर आणि परिसर गमावल्यावर माणसे जे अनुभवतात ते जवळचे माणूस गेल्यावरच्या शोकासारखेच असते, आणि नवे घर अधिक सोयीचे असले तरी तो ओसरतोच असे नाही. मुलाने वाड्याचा दर्शनी फोटो मोठा करून, चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावला होता. बाई त्या फोटोकडे फारशा पाहत नाहीत, असे सुनेने एकदा सहज सांगितले. ती खूण मी तेव्हाच पकडायला हवी होती.

त्याऐवजी मे महिन्यात मुलाने आईला एकदा महालात नेऊन आणण्याचा विचार बोलून दाखवला आणि मी त्याला होकार दिला. ही या प्रकरणातील माझी चूक. रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, तो त्यांना गाडीने घेऊन गेला. वाड्याच्या जागी हिरवे पत्रे ठोकलेले होते आणि आत पाया खणलेला खड्डा होता. मुलाच्या डोळ्यांत पाणी आले. बाईंनी मात्र खड्ड्याकडे क्षणभर पाहिले आणि गिरणीपर्यंत जाऊ म्हणाल्या. रविवार असल्याने गिरणी बंद होती. मग समोरच्या शेजारणीकडे बसणे झाले. परतल्यानंतर आठ दिवस बाई कोणाशी धड बोलल्या नाहीत.

पुढच्या बैठकीत मी खड्ड्याविषयी विचारले, तर उत्तर भलत्याच गोष्टीचे आले. “तिने मला काचेच्या ग्लासात पाणी दिलं. ट्रेमध्ये.” मी न बोलता थांबले. “चाळीस वर्षं मी तिच्या घरात माठातून हाताने पाणी घेऊन प्यायले. स्टीलचा गडवा असे, त्याला तळाशी पोचा होता. आणि त्या दिवशी ती म्हणते, बसा ना काकू, मी आणते.” शेजारीण प्रेमानेच वागली होती. पण आपल्याकडे काचेचा ग्लास पाहुण्यासाठी निघतो, आणि ज्या गल्लीत आपण शेहेचाळीस वर्षे काढली तेथे आपण पाहुण्या झालो, हे बाईंना पत्र्यांनी नव्हे, त्या ट्रेने सांगितले.

यानंतर मी वाड्याविषयी विचारणे सोडून दिले आणि त्यांना नकाशा काढायला सांगितला. ही पद्धत केव्हिन लिंच या नगररचनाकाराच्या कामामुळे ओळखीची झाली; १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासात बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसच्या रहिवाशांनी स्मरणातून आपापल्या शहराचे नकाशे काढले होते, आणि माणसाच्या मनातले शहर मोजपट्टीच्या शहराहून किती वेगळे असते ते त्यातून दिसले होते. बाईंनी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर महाल काढला. शिक्षिकेचा हात असल्याने रेघा सरळ होत्या. पण वाडा कोपऱ्यात नखाएवढा चौकोन होता, आत एकही खोली नव्हती. उरलेले सगळे पान एका वाटेने व्यापले होते. दारापासून निघून गिरणी, गिरणीवरून वळण, वळणावर गादी-रजई भरणाऱ्याचे दुकान, पुढे एका घराची पायरी, फुलवाली, देऊळ, भाजी, आणि शेवटी, जिथे त्या निवृत्तीपर्यंत शिकवत होत्या ती शाळा. एकूण अकरा थांबे. प्रत्येक थांब्याशी बारीक अक्षरात काहीतरी लिहिले होते. पायरीपाशी लिहिले होते, ‘येथे थांबावेच लागते.’ का, असे विचारल्यावर कळले की तेथील आजींना ऐकू येत नाही, आणि न थांबता गेले तर त्यांना वाटते की आपल्याला टाळले.

शून्य मैलाच्या दगडावर आणि त्याच्या चार घोड्यांवर आम्हा नागपूरकरांचा भारी जीव. देशाचे मध्य आमच्याकडे आहे हे परगावच्या पाहुण्याला सांगितल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. बाईंच्या नकाशाचे मध्य गिरणीपाशी होते. सगळी अंतरे त्यांनी तेथून सांगितली.

मग मी मनीषनगर काढायला सांगितले. त्यांनी एक आयत काढला, त्यात लिफ्ट दाखवली, बाहेर जाणारा एक बाण काढला आणि बाणापुढे ‘बाहेर’ असे लिहून पेन ठेवला. जरा वेळाने त्यांनी मलाच विचारले, “या घरात पूर्व कुठे आहे?” वाड्यात सकाळचे ऊन चौकातल्या तुळशीवर येत असे, त्यामुळे दिशा विचारण्याचा प्रसंगच आला नव्हता. फ्लॅटची बाल्कनी पश्चिमेला होती, चारही बाजूंना तशाच इमारती होत्या आणि लिफ्टचे दार प्रत्येक मजल्यावर एकाच रंगाच्या भिंतीसमोर उघडत होते. चुकीच्या दाराला किल्ली लावण्याचे कारण मेंदूत शोधण्यापूर्वी आम्ही एकदा त्या लिफ्टमधून चढून-उतरून पाहायला हवे होते. मी नंतर गेले, तेव्हा पहिल्याच खेपेला तिसऱ्या मजल्यावर उतरले.

तिसऱ्या बैठकीत वाड्याविषयी बाई आपणहून बोलल्या आणि आमच्या गृहीतकाचा उरलासुरला आधारही गेला. स्वयंपाकघरात चुलीचा आणि नंतर स्टोव्हचा धूर कोंडत असे. लग्नानंतर चौदा वर्षे त्यांच्या वाट्याला आलेल्या खोलीला खिडकी नव्हती. नागपूरचा मे महिना म्हणजे पारा ४५ च्या आसपास, आणि घरातला एकमेव कूलर बैठकीच्या खोलीत, जिथे दुपारी पुरुष मंडळी झोपत. सासू वाईट नव्हती पण नजर सतत पाठीवर असे. “त्या घराने मला काही दिलं नाही,” बाई म्हणाल्या. “जे दिलं ते गल्लीने दिलं. घरात मी धाकटी सून होते. दाराबाहेर पाऊल टाकलं की बाई होते.”

माझ्या मते हे वाक्य या प्रकरणाची किल्ली आहे. ज्या वाटेवर त्या रोज चालत, त्या वाटेवरचा निम्मा महाल त्यांच्या हाताखाली बाराखडी शिकलेला होता. गिरणीवाला त्यांचा विद्यार्थी, फुलवालीची मुलगी विद्यार्थिनी, आणि गादीवाल्याच्या दुकानावरील पाटीतली ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यांनी स्वतः उभे राहून दुरुस्त करून घेतलेली. यी-फू त्वान या भूगोलतज्ज्ञाने अवकाश आणि स्थान यांत जो भेद केला, त्यात नुसती जागा अनुभवाने आणि सवयीने भरत गेली की तिचे ‘स्थान’ होते. मराठीला हा भेद शिकवावा लागत नाही. ‘त्यांचे गावात स्थान आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा पत्ता आणि प्रतिष्ठा दोन्ही त्या एकाच शब्दात बसलेले असतात. बाईंचे स्थान महालात होते. मनीषनगरात त्यांचा पत्ता होता. स्कीममध्ये त्यांना ‘चारसो दो वाली आंटी’ म्हणत. त्यात अनादर नव्हता, पण जिचे नाव फ्लॅटच्या क्रमांकावरून पडते ती व्यक्ती दुसऱ्या कोणाशीही बदलता येते.

येथे जुन्या आणि नव्या वस्तीच्या घडणीविषयी थोडे बोलणे भाग आहे, कारण हा सगळा मामला केवळ मनाचा नाही. महाल-इतवारीच्या गल्ल्या भोसल्यांच्या काळापासून पायी चालणाऱ्यांच्या मापाने वाढल्या. घरांच्या पायऱ्या आणि ओटे थेट रस्त्यावर उतरतात, त्यामुळे चालणारा आणि बसलेला यांची नजर एका उंचीवर येते आणि थांबायला निमित्त लागत नाही. वर्धा रोडच्या दोन्ही अंगांना पसरलेले लेआउट वाहनांच्या मापाने आखलेले आहेत. फ्लॅट स्कीममध्ये तळमजल्यावर पार्किंग, त्यापुढे कुंपण, फाटक आणि चौकीदार; माणसांचे राहणे पहिल्या मजल्यापासून सुरू होते. तेथे बसायला पायरी नाही आणि थांबायला कारण नाही. घर आणि कामाची जागा यांच्याखेरीज जेथे माणसे सहज जमतात त्या तिसऱ्या जागेचे महत्त्व रे ओल्डनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये मांडले, पण त्याच्या उदाहरणांत कॅफे, दारूचे गुत्ते, केशकर्तनालये येतात. महालातल्या धाकट्या सुनेला कॅफेत बसायला कोणी सोडले असते? तिच्यासाठी तिसरी जागा म्हणजे काम काढून गेलेली वाट. पीठ संपले, फुले आणायची आहेत, कोथिंबीर, म्हणजे आमच्या बोलीत सांबार, हवा आहे, ही कारणेच तिचा परवाना होती.

आणि नव्या घरात नेमकी तीच कारणे प्रेमापोटी काढून घेतली गेली होती. पीठ तयार पिशवीतून येत होते, भाजी फोनवरून, फुले रोज सकाळी दाराच्या कडीला लटकवलेल्या पिशवीत. सुनेने सासूला आराम दिला होता. आराम हाच आजार झाला होता, असे म्हणणे सुनेवर अन्याय करणारे होईल, तरीही कारणपरंपरा तीच होती.

याच सुमारास एक वेगळा धागा पुढे आला, आणि तो नसता तर या प्रकरणाकडे मी फार गोडव्याने पाहिले असते. बाईंच्या घरी पोळ्या करायला नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतून एक बाई येत असत. महालच्या आठवणी ऐकता ऐकता एक दिवस त्या शांतपणे म्हणाल्या, “आमच्या आजीले तुमच्या महालात पाणी वरून ओतून देत जी.” बाईंनी हे मला स्वतः सांगितले, पुढच्या बैठकीत, मान खाली घालून. ज्या वाटेने त्यांना ओळख दिली तीच वाट दुसऱ्या कोणाला ओंजळ पुढे करायला लावत होती, ही गोष्ट त्यांनी शाळेत शिकवलेल्या नागरिकशास्त्रात होती, पण आपल्या नकाशात कधी मांडलेली नव्हती. पोळ्या करणाऱ्या त्या बाई भाड्याच्या खोलीत राहत, दर दोन-तीन वर्षांनी खोली बदलत. आपली जागा कोणती, या बाईंच्या प्रश्नावर त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता दीक्षाभूमी असे उत्तर दिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह जेथे बौद्ध धम्म स्वीकारला, तेथे त्यांची आजी होती. “तिथं पाय ठेवला का मी पाहुणी नसतो,” असे त्या म्हणाल्या. आपलेपणासाठी तेथे राहिलेले असावे लागते, हा माझा समज या वाक्याने मोडला. वर्षातून दोनदा जाऊनही एखादी जागा आपली असू शकते, जर तेथे आपले माणूसपण मान्य झालेले असेल.

यातून जे करायचे ठरले ते अगदी साधे होते. घरातले पिठाचे पॅकेट बंद करण्यात आले. सुनेला हे पटवायला एक संपूर्ण बैठक खर्ची पडली; लोक म्हणतील सासूला दळण आणायला पाठवते, ही तिची भीती खरी होती. स्कीमपासून सहा-सातशे पावलांवर एक गिरणी सापडली. बाई दर मंगळवारी सकाळी, ऊन तापण्यापूर्वी, चार किलो गहू छोट्या ढकलगाडीतून घेऊन जाऊ लागल्या. दळण लगेच न आणता तेथेच थांबून घ्यायचे, एवढी एकच अट मी घातली होती. पहिले तीन आठवडे काहीच घडले नाही. चौथ्या आठवड्यात त्यांनी गिरणीवाल्याला ज्वारीचे पीठ गव्हाच्या आधी दळल्याबद्दल रागावले. घरी येऊन त्यांनी हे इतक्या तपशिलाने सांगितले की सुनेने मला फोन केला.

दुसरी गोष्ट आम्ही ठरवली नव्हती. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, आणि स्कीममधील हिंदीभाषक घरांतील मुलांची त्यामुळे पंचाईत होते. बाई निवृत्त शिक्षिका आहेत हे पोळ्या करणाऱ्या बाईंकडूनच दुसऱ्या मजल्यावर पोहोचले. जुलैपासून संध्याकाळी पार्किंगमध्ये दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक सतरंजी पडू लागली. मुले त्यांना ‘टीचर आंटी’ म्हणतात. ‘बाई’ म्हणायला शिकवा की, असे मी सुचवले तर त्या म्हणाल्या, “नको. ते तिकडचं आहे.”

महालात जाणे त्यांनी बंद केले नाही, फक्त जाण्याची रीत बदलली. मुलाची गाडी नको, असे त्यांनी सांगितले. डिसेंबर २०२२ मध्ये मेट्रोचे उरलेले टप्पे सुरू झाल्याने उज्ज्वलनगरहून सीताबर्डी आणि तेथे गाडी बदलून चितारओळी असा सरळ प्रवास होतो. पहिल्यांदा भाची सोबत होती, नंतर त्या एकट्या जाऊ लागल्या. आणि रिकाम्या हाताने जायचे नाही, काम काढूनच जायचे, हेही त्यांनीच ठरवले. ऑगस्टमध्ये काम होते चितारओळीत गणपतीची मूर्ती पक्की करण्याचे, कारण त्या ओळीतल्या मूर्तिकाराखेरीज दुसऱ्याची मूर्ती त्यांच्या घरात कधी आली नव्हती. सप्टेंबरमध्ये पोळा सणाच्या दुसऱ्या दिवशी त्या मारबत, म्हणजे ईडा-पीडा घालवण्यासाठी मिरवणुकीने नेली जाणारी मोठी पुतळी, पाहायला गेल्या. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असे सांगतात. दोघींची भेट होते, मागून चालू घडामोडींवर टीका करणारे पुतळे, म्हणजे बडगे, येतात आणि ‘ईडा-पीडा घेऊन जा गे मारबत’ या गर्जनेत गल्ल्या अक्षरशः दुमदुमतात. काचेचा ग्लास देणाऱ्या शेजारणीने गर्दीतच त्यांच्या हातात तिची पिशवी दिली आणि चप्पल शोधायला निघून गेली. परत यायला तिला वीस मिनिटे लागली. त्या वीस मिनिटांविषयी बाई माझ्याशी अर्धा तास बोलल्या.

निष्कर्ष उजळ करून मांडण्याचा मोह या टप्प्यावर होतो, पण नोंदी तसे करू देत नाहीत. डिसेंबरात मनीषनगरातली गिरणी भाडे परवडेना म्हणून बंद झाली आणि बाई दोन आठवडे पुन्हा दुपारी झोपू लागल्या. दुसरी गिरणी मोठ्या रस्त्यापलीकडे आहे आणि तो रस्ता ओलांडणे त्यांच्या गुडघ्यांना जड जाते. जानेवारीत पायरीवरच्या आजी वारल्या. झोपेची तक्रार कमी झाली आहे, गेलेली नाही. वाड्याच्या जागेवरची इमारत तिसऱ्या मजल्यापर्यंत आली आहे आणि तेथे एक गाळा घ्यावा का, अशी चर्चा मुलाने काढली होती. बाईंनी नकार दिला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मी त्यांना दोन्ही नकाशे पुन्हा काढायला सांगितले. महालच्या वाटेवर आता अकराऐवजी नऊ थांबे होते. पायरी होती, पण तिच्याशी काही लिहिलेले नव्हते. मनीषनगरच्या पानावर आयत तसाच होता, मात्र त्याबाहेर सतरंजी, भाजीचा ठेला, मेट्रोचा जिना आणि काट मारलेली गिरणी एवढ्या गोष्टी आल्या होत्या. आयताच्या मागच्या कोपऱ्यात ‘पूर्व’ असे लिहिले होते. तो कोपरा म्हणजे भांडी घासायची ड्राय बाल्कनी. इमारतींच्या फटीतून सकाळी वीसेक मिनिटे ऊन येते ते तेथेच, वॉशिंग मशीनच्या बाजूला. तुळशीची कुंडी बाईंनी दिवाणखान्यातून तेथे नेली आहे, आणि मशीनचा पाण्याचा पाइप आता कुंडीला वळसा घालून न्यावा लागतो, अशी मुलाची नवी तक्रार आहे.